दगडात चीर पाडणारं पाणी

एप्रिल-मे महिन्यात वैजापूर, गंगापूर, फुलंब्रीकडच्या एखाद्या वाडीवरचा हापसा नुसता खडखडू लागतो. मग ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समितीचं पत्र असं करत प्रकरण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे जातं. तिथला भूवैज्ञानिक येऊन बोअर तपासतो, आणि बोअर पात्र ठरला तर काही दिवसांनी पंप लादलेला ट्रक हापशाशेजारी उभा राहतो. दांडा, साखळी, पाइप, सगळा सांगाडा वर काढून बाजूला ठेवतात. सहा इंची भोकात रबरी पॅकर सोडतात आणि तो फुगवून भोक मध्येच घट्ट बंद करून टाकतात. मग टँकरमधलं पाणी पंपाने पॅकरच्या खाली दाबायला सुरुवात होते. पाण्याला जायला जागा नसते, दाबमापकाचा काटा चढत राहतो, बघायला जमलेली पोरं आपोआप दोन पावलं मागे सरकतात. एका क्षणी काटा झपकन खाली येतो. खाली काळ्या पाषाणातली बुजलेली चीर उघडलेली असते, किंवा नवी पडलेली असते. सरकारी कागदात याला जलभंजन म्हणतात. बोअर ब्लास्टिंग, फ्रॅक्चर सील सिमेंटेशन अशा इतर उपायांबरोबर टंचाईच्या ‘अपारंपरिक उपाययोजनां’च्या यादीत ते असतं.

त्या ट्रकजवळ उभ्या असलेल्या माणसाला कुणी सांगितलं, की याच युक्तीने अमेरिका जगातली सर्वांत मोठी वायू उत्पादक झाली आणि एन्रॉनसाठी आखलेल्या दाभोळच्या धक्क्यावर आज त्या वायूची जहाजं लागतात, तर त्याला ती थाप वाटेल. पण नातं अगदी सख्खं आहे. दगड दाबाने फुटतो तेव्हा काटा पडतो, हे टेक्सासच्या विहिरीवरही तसंच आणि वैजापूरच्या हापशावरही तसंच. आपल्याकडे या युक्तीची एक शाखा पाण्यासाठी आली, दुसरी वायूच्या रूपाने येते आहे. मूळपुरुष मात्र दोन्हींचा एकच.

मूळपुरुषाचं नाव सांगायचं तर एडवर्ड रॉबर्ट्स. अमेरिकन यादवी युद्धात १८६२ साली फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत तो होता. पाण्याने भरलेल्या चरात तोफगोळा पडून फुटतो तेव्हा पाणी त्याचा जोर वर उडू देत नाही, तो बाजूंना ढकलतं, हे त्याने पाहिलं. युद्धातून परतल्यावर पेन्सिल्व्हेनियातल्या आटलेल्या तेलविहिरींत त्याने सुरुंगाची नळकांडी सोडली आणि वर पाणी भरून ती उडवली. १८६५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. आधी बंदुकीची दारू, मग नायट्रोग्लिसरीन. पेटंटचे पैसे चुकवणारी टोळकी रात्रीच्या अंधारात चोरून विहिरी उडवायची आणि त्यात मरायचीही. विहिरीला पाणी लागेना की सुरुंग लावायचा, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. यारी लावून विहीर खोदणाऱ्या वडारांच्या पिढ्यांनी हेच केलं आहे. रॉबर्ट्सने त्यात भर घातली ती वरून पाण्याचं वजन ठेवण्याची.

सुरुंगाऐवजी निव्वळ द्रवाच्या दाबाने खडक फोडण्याचा पहिला प्रयोग व्हायला १९४७ साल उजाडलं. कॅन्ससमधल्या ह्युगोटन वायुक्षेत्रात स्टॅनोलिंड कंपनीने घट्ट केलेलं पेट्रोल चुनखडीत दाबलं. पेट्रोल घट्ट करायला वापरला तो नापाम, नुकत्याच संपलेल्या महायुद्धातल्या आगलाव्या बाँबमधला. प्रयोग फारसा साधला नाही, वायू काही वाढला नाही. तरी १९४९ पासून हॅलिबर्टन कंपनीने तो धंदा म्हणून सुरू केला, आणि पेट्रोलची जागा हळूहळू पाण्याने घेतली. पडलेली चीर दाब काढल्यावर पुन्हा मिटू नये म्हणून पाण्याबरोबर वाळू सोडायची पद्धतही याच काळात बसली. वाळूचे कण फटीत अडकतात आणि ती उघडी धरतात.

पाण्यात वाळू तरंगत न्यायची तर पाणी चिकट हवं. इथे आपल्या परसातली गवार या गोष्टीत येते. गवारीच्या बियांचा गोंद, म्हणजे ग्वार गम, पाण्यात थोडासा घातला तरी त्याची पेज होते. जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही राजस्थानात पिकते. २०११-१२ च्या हंगामात अमेरिकेतल्या विहिरींची मागणी इतकी चढली, की गवारीचं बी क्विंटलला पंचवीस-तीस हजारांच्या घरात गेलं आणि मार्च २०१२ मध्ये वायदेबाजार आयोगाला गवारीचे वायदे बंद करावे लागले. जोधपूर-बिकानेरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने त्या वर्षी ट्रॅक्टर घेतले. पुढच्या वर्षी सगळ्यांनी गवारच पेरली आणि भाव पडले. कापूस-सोयाबीनवाल्यांना पुढचं सांगायला नको.

आता ज्या खडकासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्याकडे वळायला हवं. तेल आणि वायू दगडाच्या पोटात मोठ्या पोकळ्यांत साठलेले असतात हा आपला समज शाळेपासूनचा. प्रत्यक्षात त्यांचा जन्म बारीक, काळ्या, सेंद्रिय द्रव्य भरलेल्या चिखलात होतो. उथळ समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात, शैवाल आणि वनस्पतींचे अवशेष न कुजता साचत जातात. वर थरांवर थर चढतात, चिखलाचा पापुद्र्यापापुद्र्यांचा शेल होतो, आणि तो खोल जातो तसा तापतो. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस. साठ ते एकशेवीस अंशांच्या पट्ट्यात तेल तयार होतं, त्याहून वर गेलं की वायू. हा स्रोतखडक. त्यातून निसटलेला काही वायू वर सरकत सच्छिद्र वाळूखडकात किंवा चुनखडीत जाऊन अडकतो, आणि शंभरेक वर्षं माणसाने तेवढाच शोधला. बाकीचा बराचसा वायू जन्मला तिथेच राहिलेला असतो. कारण शेल विलक्षण घट्ट. मडक्यातून पाणी पाझरतं तेवढाही वाव त्यात नाही; चांगल्या वाळूखडकाच्या तुलनेत वायूला त्यातून वाट मिळण्याची सोय लाखो पटींनी कमी असते. अशा खडकात साधी विहीर खणली तर भोकाच्या आजूबाजूचा चिमूटभर वायू येतो आणि थांबतो.

गंमत अशी, की अमेरिकेतली वायूची पहिली विहीर शेलमध्येच होती. १८२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया गावात विल्यम हार्टने जेमतेम २७ फूट खणून काळ्या शेलमधून येणारा वायू धरला आणि त्यावर गावातले दिवे लागले. गावापुरते दिवे ठीक; धंदा त्यावर उभा राहीना, आणि पुढे सगळे सच्छिद्र खडकांच्या मागे लागले.

शेलकडे परत फिरायला लावलं ते जॉर्ज मिचेल नावाच्या टेक्सासच्या म्हाताऱ्याने. त्याचा बाप ग्रीसमध्ये शेळ्या राखणारा, अमेरिकेत रेल्वेच्या कामावर मजूर. नाव उच्चारता येईना म्हणून मुकादमाने आपलंच मिचेल हे नाव त्याला चिकटवलं. मिचेलच्या कंपनीचे जुने साठे संपत आले होते आणि शिकागोच्या बाजूला वायू पुरवण्याचा करार गळ्यात होता. १९८१ मध्ये त्याने बार्नेट शेल नावाच्या थरात पहिली विहीर घेतली. पुढची सतरा वर्षं त्यात पैसा जात राहिला. त्याच्याच कंपनीतल्या लोकांना हे वेड वाटत होतं. घट्ट जेल, भरपूर गवार, भरपूर वाळू, तरी हिशेब बसेना. १९९७ च्या सुमारास निक स्टाइन्सबर्गर या तरुण अभियंत्याच्या लक्षात आलं, की एका विहिरीत जेल नीट जमलं नव्हतं, पाणी पातळच राहिलं, तरी विहीर बिघडली नाही. मग त्याने मुद्दामच पातळ पाणी वापरायचं ठरवलं: गवार जवळजवळ नाही, घर्षण कमी करणारं थोडं रसायन, थोडी वाळू आणि पाणीच पाणी. १९९८ मध्ये एका विहिरीने कंपनीतल्या आधीच्या सगळ्या विहिरींना मागे टाकलं. पातळ पाणी शेलच्या बारीक फटींच्या जाळ्यात शिरतं, घट्ट जेल एकच मोठी भेग पाडून थांबतं. २००२ मध्ये डेव्हन कंपनीने मिचेलची कंपनी विकत घेतली आणि या पाण्याला आडव्या विहिरींची जोड दिली: दोन-तीन किलोमीटर खाली जायचं, मग वळून थरातून आडवं किलोमीटरभर. बाकीचं वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे.

या विहिरींचं पाणी मराठवाड्याच्या मापाने मोजून पाहावं. सुरुवातीच्या काळातल्या एका शेल विहिरीला साधारण दीड कोटी लिटर पाणी लागायचं. आताच्या लांब विहिरींना याहून बरंच जास्त. दीड कोटी लिटर म्हणजे बारा हजार लिटरचे साडेबाराशे टँकर. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेची पन्नास वाघिणींची पूर्ण फेरी २५ लाख लिटरची होती. अशा सहा फेऱ्या एका विहिरीत. वर येणाऱ्या खारट, रसायनमिश्रित पाण्याचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच. आपल्या हापशाला एखादा-दुसरा टँकर पुरतो, आणि पाण्यात रसायन घालायची गरज नसते.

अमेरिकेचं पाहून भारतानेही आपल्या जमिनीकडे पाहिलं. अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाने २०११ मध्ये खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर या चार खोऱ्यांत काढण्याजोगा शेल वायू ६३ लाख कोटी घनफूट असल्याचा अंदाज दिला. २०१३ मध्ये तो आकडा ९६ वर गेला. त्याच सुमारास अमेरिकेच्याच भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मुंबई, कावेरी आणि कृष्णा-गोदावरी विभागांसाठी सांगितलेला आकडा होता ६ च्या आसपास. विभाग आणि गृहीतकं वेगळी होती हे मान्य, पण एकाच देशाच्या दोन सरकारी खात्यांत इतकी तफावत असताना आपल्याकडच्या भाषणांत मोठाच आकडा फिरला यात नवल नाही. जानेवारी २०११ मध्ये ओएनजीसीने पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळच्या इच्छापूरला शेलमधून वायू काढून दाखवला. ऑक्टोबर २०१३ मध्ये केंद्राने शेल धोरण आणलं, ओएनजीसी आणि ऑइल इंडियाला त्यांच्याच जुन्या ब्लॉकांत शोध घ्यायला परवानगी दिली, भरूच जिल्ह्यात जंबुसरजवळ विहीर सुरू झाली. व्यापारी उत्पादन मात्र कुठेच उभं राहिलं नाही. आपले शेल टेक्सासच्या मानाने चिकणमातीने जास्त भरलेले, त्यामुळे तडकण्याऐवजी दबणारे; भूस्तर भ्रंशांनी चिरफळलेले; आणि वर दाट वस्ती, पाण्याची ओढाताण. मिचेलला सतरा वर्षं पदरचे पैसे घालता आले, कारण जमिनीखालचा वायू तिथे जमीनमालकाचा असतो आणि करार दोन सह्यांत होतो. हे कारण आपल्या चर्चेत फारसं येत नाही, आणि मला तेच सर्वांत वजनाचं वाटतं.

तेव्हा शेल वायू महाराष्ट्रात आला तो जहाजातून. लुइझियानातलं सबीन पास टर्मिनल मुळात वायू आयात करायला बांधलं होतं. शेलमुळे देशातच वायू उतू गेला आणि २०१६ पासून तिथून निर्यात सुरू झाली. गेल या सरकारी वायू कंपनीने २०११ च्या डिसेंबरातच तिथून वर्षाला ३५ लाख टनांचा वीस वर्षांचा करार करून ठेवला होता. उणे १६२ अंशांना द्रव केलेला, आकारमानाने सहाशेपट आकसलेला तो माल ३० मार्च २०१८ ला दाभोळला उतरला. दाभोळ म्हणजे गुहागर तालुक्यातलं अंजनवेल, म्हणजे एन्रॉन. मोर्चे, लाठीमार, निवडणुका, समुद्रात बुडवण्याच्या घोषणा, सगळं झालेला प्रकल्प. एन्रॉन २००१ मध्ये स्वतःच बुडाली, आणि तिच्या वीजकेंद्रासाठी आखलेल्या धक्क्याला उपयोग मिळाला तो दुसऱ्याच कुणाच्या शोधाने. लाटा अडवणारा बंधारा अपुरा राहिल्याने कित्येक वर्षं पावसाळ्यात तो धक्का बंदच ठेवावा लागे.

दाभोळ, उरण, दहेज हे सगळं वाहिन्यांनी जोडलेलं आहे. छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांचं शहरी वायूवितरण भारत पेट्रोलियमकडे आहे, आणि समृद्धी महामार्गाच्या कडेने गेलची मुंबई-नागपूर वाहिनी टाकण्याचं काम निघालं. वाळूजच्या भट्टीत जळणारा रेणू मुंबई हायचा, कतारचा की पेन्सिल्व्हेनियाच्या चिखलातला, हे कुणीही वेगळं काढून दाखवू शकत नाही. किमतीत मात्र तो वेगळा दिसतो: गेलच्या अमेरिकी कराराचा भाव लुइझियानातल्या हेन्री हब या वाहिन्यांच्या जंक्शनवर ठरणाऱ्या दराला बांधलेला आहे.

मग इतक्या लांबून का, आपल्या पायाखाली काही नाही का, हा प्रश्न संभाजीनगरात कुणीही विचारेल. पायाखाली आहे तो दख्खनचा ट्रॅप. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेला, हजार-अकराशे अंशांचा लाव्हा, एकावर एक पसरून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर निवलेला. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरता आलं ते या जाड थरांमुळे, आणि देवगिरीचा कडा तासता आला तोही. या दगडात वायू जन्मत नाही; त्यात सेंद्रिय द्रव्यच नाही. बोअरवाल्याच्या भाषेत इथे मुरूम, मांजऱ्या, गेरू आणि काळा पाषाण. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांत झाडंझुडपं गाडली गेली, पण ते थर पातळ, जेमतेम काही मीटरचे.

याच ट्रॅपची दुसरी बाजू पश्चिमेला पाहायला मिळते. खंबातच्या खोऱ्यात आणि मुंबईच्या समुद्रात तो खचून खाली गेला आणि त्याच्यावर पुढे समुद्राचा चिखल साचला. खंबातचा शेल, ज्यातून गुजरातचं तेल आलं, तो ट्रॅपवर आणि ट्रॅपच्याच झिजलेल्या गाळावर बसलेला आहे. १९७४ मध्ये सागरसम्राट या समुद्री रिगने शोधलेल्या मुंबई हायचं तेलही पन्ना शेलमधून वरच्या चुनखडीत आलेलं. म्हणजे ट्रॅप जिथे बुडाला तिथे वर गाळ साचून इंधन झालं. जिथे उघडा राहिला तिथे आपण शेती करतो.

राहतो तो ट्रॅपखालचा जुना गाळ. लाव्हा यायच्या आधी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्राचा एक फाटा घुसला होता. मध्य प्रदेशात बाघजवळ त्याचे जीवाश्म मिळतात. तसा गाळ तापी-नर्मदेच्या पट्ट्यात ट्रॅपखाली दडलेला असावा, हे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने विद्युतचुंबकीय आणि भूकंपलहरींच्या पाहण्यांतून मांडलं. सौराष्ट्रात लोधिका इथे ओएनजीसीने सुमारे दीड किलोमीटर ट्रॅप भेदून खालच्या गाळात विहीर नेली. उत्तर महाराष्ट्रात ‘डेक्कन सिनेक्लाइज’ नावाचे ब्लॉक लिलावात निघाले. काळ्या पाषाणाची अडचण अशी, की लाव्हाच्या थरांवर भूकंपलहरी इतक्या विखुरतात, की खालचं चित्र धूसर येतं. आणि ते चित्र आतापर्यंत पैसे लावण्याइतकं स्पष्ट झालेलं नाही.

दक्षिणेकडे तर उत्तर जवळजवळ मिळालेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत संशोधनासाठी ६१७ मीटर खोल बोअर घेतला. ३३८ मीटरवर ट्रॅप संपला, त्याखाली ८ मीटर गाळ, आणि मग थेट अतिप्राचीन स्फटिकी खडक. आठ मीटर. पुढे कोयनेच्या तीन किलोमीटर खोल बोअरमध्ये तेवढाही नाही, बेसाल्टखाली लगेच ग्रॅनाइट. शेलची आशा धरायची तर उत्तरेकडे, तापीच्या बाजूला. लातूरच्या बाजूला नाही. संभाजीनगर या दोन्हींच्या मध्ये.

३३८ मीटर म्हणजे अकराशे फूट. तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून येणाऱ्या रिगना मराठवाड्यातला शेतकरी आज आठशे-हजार फूट जायला सांगतो, मोसंबीची बाग वाचावी म्हणून, कर्ज काढून. कायद्याच्या लेखी साठ मीटरच्या पुढची विहीर खोल विहीर असते, रिगच्या नोंदणीची तरतूदही आहे. किल्लारीसारख्या ठिकाणी हजार फुटांचा बोअर ट्रॅपच्या तळापासून शंभरेक फुटांवर जाऊन थांबतो. मराठवाड्यातला महागडा भूस्तरशोध हा असा चालू आहे. त्यातल्या एकेका बोअरचा थर किती फुटांवर बदलला, मांजऱ्या कुठे लागला, गेरू कुठे, हे रिगवरच्या पोराला भुकटीच्या रंगावरून बिनचूक कळतं. बिलावर मात्र दोनच गोष्टी येतात, एकूण फूट आणि केसिंग. फुटागणिक सुटीसुटी ठेवायला हवी ती भुकटी बांधावर एकाच ढिगात पडते.